शिक्षा झालेल्या डॉक्टरची नोंदणी

प्रश्न : न्यायालयाने दोषी ठरवलेल्या डॉक्टरला दवाखाना चालवता येतो का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दवाखाना चालवण्यासाठी डॉक्टरची राज्याच्या वैद्यक परिषदेकडे नोंदणी असावी लागते; केवळ शिक्षा झाल्याने ही नोंदणी आपोआप रद्द होत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ नुसार नैतिक अधःपतनाचा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा सिद्ध होणे हे गैरवर्तन ठरते आणि परिषद चौकशीअंती ताकीद देऊ शकते किंवा डॉक्टरचे नाव नोंदवहीतून ठरावीक काळासाठी वा कायमचे काढू शकते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा अधिक कठोर आहे, आणि तो तसाच असायला हवा : न्यायालयाने आरोप निश्चित केल्यावर नोंदणी निलंबित करण्याची, पहिल्या दोषसिद्धीनंतर नाव ५ वर्षांसाठी आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी कायमचे वगळण्याची तरतूद त्यात आहे. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावणे डॉक्टरवर बंधनकारक असल्याने आपण तो निःसंकोचपणे विचारावा.