गाठ केवढी, आणि उरलेलं यकृत कसं?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे आहेत. २००५ मध्ये रक्तदानाच्या वेळी हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं, पुढे औषधपाणी झालं नाही. आता सोनोग्राफीत सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) आणि २.८ सेंमीची गाठ निघाली. डॉक्टर बायोप्सी न करता सीटी करायला सांगतात. बायोप्सीशिवाय कॅन्सर कसा ठरणार? आणि गाठ लहान आहे, तर सरळ काढून का टाकत नाहीत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : सीटीचा सल्ला योग्य आहे. फक्त तो 'ट्रिपल फेज'च, म्हणजे औषध दिल्यावर वेगवेगळ्या वेळी तीनदा चित्र घेणारा, होतोय ना, हे सेंटरवर विचारून घ्या आणि आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा. यकृताच्या कॅन्सरला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं. त्यामुळे शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं औषध) दिल्यावर गाठ आधी उजळते, नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळपट दिसते. सिरोसिसच्या पेशंटमध्ये १ सेंमी किंवा मोठ्या गाठीत ही खूण स्पष्ट दिसली, तर सहसा तेवढ्यावर निदान होतं. बायोप्सीच्या सुईने रक्तस्रावाचा आणि सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो. म्हणून चित्र अस्पष्ट असेल तरच बायोप्सी. एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका, लहान गाठीत ती अनेकदा नॉर्मलच असते.

आता ऑपरेशन. कॅन्सर ठरला, तर बाबांना आजार एक नाही, दोन आहेत: गाठ आणि सिरोसिस. गाठ काढताना भोवतीचं यकृतही जातं. उरलेलं सिरोसिसचं यकृत पुरलं नाही, तर कावीळ चढते, पोटात पाणी होतं आणि जीव धोक्यात येतो. म्हणून बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), पोटातलं पाणी आणि शुद्धीवरचा परिणाम पाहून यकृत किती सक्षम आहे याची चाइल्ड-प्यू श्रेणी ठरवतात: ए सर्वात चांगली, मग बी, सी सर्वात वाईट. 'ए' असेल आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चांगल्या असतील, तर ऑपरेशन होऊ शकतं. ३ सेंमीपर्यंतची गाठ सुईने जाळताही येते; मात्र ती मोठ्या रक्तवाहिनीला खेटून असेल, तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि कडेचा भाग जिवंत राहतो. यकृतच थकलं असेल, तर प्रत्यारोपणाचा विचार करतात, कारण त्यात गाठ आणि सिरोसिस दोन्ही जातात. एकच गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी ३ सेंमीपर्यंत, अशी प्रत्यारोपणासाठीची १९९६ ची मिलान मर्यादा आहे. बाबा सध्या त्यात बसतात, फक्त रक्तवाहिनीत शिरकाव नको. म्हणूनच महिने वाया घालवू नका. कीमोएम्बोलायझेशन (गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणं), इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारी औषधं) हे पर्याय बहुतेक पुढच्या टप्प्यांतले.

दुसरं मत घ्यायला खारघरच्या ॲक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) जा किंवा आणखी कुठे, स्कॅनची सीडी सोबत न्या. नुसत्या रिपोर्टवर सर्जन निर्णय घेत नाहीत.

हिपॅटायटिस बीचं डीएनए (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासून विषाणूविरोधी गोळ्या लगेच सुरू करा, मनाने बंद करू नका. 'लिव्हर साफ करणारे' काढे आजच थांबवा. आई, तुम्ही आणि भावंडं, सगळ्यांनी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. निगेटिव्ह असाल आणि पूर्वी लस झाली नसेल, तर ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस घ्या.