आयव्हरी की क्रीम, आणि रात्रीची झोप

"मॅडम, साध्या भिंतीच्या रंगावरून मी रात्र रात्र जागी असते, मला काही झालंय का?" दिवाळीच्या आधी माझ्याकडे समुपदेशनाला आलेलं कोणीतरी हे विचारतंच, रंग नसला तर टाइल्स असतात. या ताईंनी पर्समधून शेडकार्डाच्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या, आयव्हरी आणि त्याच्या शेजारचा क्रीम. खरं सांगते, मला फरकच दिसेना. पुट्टी, प्रायमर होऊन आठवडा झालेला, पेंटरचे रोज फोन, आणि नवरा म्हणतो "तू ठरव, तुला आवडेल तो."

मी तिथेच अडकले. विचारलं, घरातलं याआधी तुम्ही काय ठरवलं होतंत? तर किचनचा ओटा. काळा ग्रॅनाइट यांनी पसंत केला आणि सहा वर्षं झाली, त्यावर पाण्याचे पांढरे डाग दिसले की कोणी ना कोणी म्हणतंच, "हिचीच चॉइस". सांगताना डोळे भरले, ग्रॅनाइटवरून हो! "तू ठरव" म्हटलं की यांना ऐकू येतं, उद्या बोलणी पण तूच खा.

पण नुसतं मन मोकळं करून भिंत रंगत नाही. शेडकार्डाचा तुकडा बोटभर, बघितला दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली, घरी पिवळ्या एलईडीत तोच क्रीम अजून पिवळा होतो. म्हणून सांगितलं, दोन्हीचे सॅम्पल डबे आणा, मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू दे, मग भिंतीला उभे टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा, रविवारपर्यंतच. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा 1956 चा एक शब्द आहे, सॅटिस्फायसिंग, म्हणजे सगळ्यात भारी शोधत बसायचं नाही, आपल्या अटीत बसलं की थांबायचं. तुमची अट काय? बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, रात्री जेवताना भिंत पिवळट दिसायला नको. बस, एवढीच. आणि जो ठरेल त्या पुठ्ठ्यामागे नवऱ्याने पण सही करायची, ही माझी आगाऊ भर.

मंगळवारी मेसेज आला, आयव्हरी, पेंटर शिडीवर चढलाय. सोबत पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूचा फोटो, दोघांच्या सह्या आणि खाली मुलाची, पेन्सिलीने, इयत्ता-तुकडीसकट.