दुसरी प्रत रत्नागिरीला

प्रश्न : २०२१च्या पुरानंतर आमच्या चिपळूणच्या पतसंस्थेने रत्नागिरीत दुसरा लिनक्स सर्व्हर ठेवला, डीआरबीडीने (एका सर्व्हरच्या डिस्कवर लिहिलेलं नेटवर्कवरून दुसऱ्याच्या डिस्कवरही उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने) जोडला. पण पावसात लाइन मंदावली की काउंटरवर साधी पावतीही अडकते. काय करावं?

उत्तर : तुमच्याकडे डीआरबीडीची प्रोटोकॉल 'सी' ही पद्धत असणार. रत्नागिरीच्या डिस्कवर लिहून झाल्याशिवाय तो इथली नोंद पुरी मानत नाही. एका इमारतीत मी तोच लावतो; घाटवळणाच्या लाइनवर प्रोटोकॉल 'ए' बरा, तो इथल्या डिस्कवर लिहून झालं की रत्नागिरीच्या होकाराची वाट पाहत नाही. मात्र चिपळूणचा सर्व्हर अचानक गेला, तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. पैसे ठेवीदारांचे आहेत. संचालकांना हे आधी स्पष्ट सांगा. लाइन पुरती तुटली तर घाबरू नका, बदललेले ब्लॉक टिपलेले असतात, जोडणी आली की तेवढेच जातात. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) मात्र दोन्हीकडे एकाच वेळी माउंट करू नका, म्हणजे वापरात घेऊ नका, डेटाची वाट लागेल. आणि इथे चुकून पुसलेलं तिथेही पुसलं जातं, म्हणून रात्रीचा बॅकअप चालूच ठेवा.