आयआर आणि मास स्पेक : तुमचे अडलेले पीक

प्रश्न : आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) १७१५ सेमी⁻¹ ला दणदणीत पीक (आलेखातला सुळका) आलाय. किटोन म्हणून लिहून टाकू का?

नका लिहू, निदान इतक्यात नको. त्या पीकवरून कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) आहे एवढंच कळतं, आणि कार्बोक्झिलिक ॲसिडचा कार्बोनिलही तिथेच घुटमळतो, त्यामुळे आधी डाव्या बाजूला, म्हणजे मोठ्या आकड्यांकडे, नजर टाका. २५०० ते ३३०० पर्यंत पसरलेला, सी-एचच्या पीकवर चादर टाकल्यासारखा रुंद पट्टा दिसला की ॲसिड. २७२० आणि २८२० च्या आसपास दोन बारीक पीक असतील तर अल्डिहाइडचा संशय घ्या. यातलं काहीच नसेल तर मग किटोन म्हणायला हरकत नाही. आणि हो, पंधराशेच्या खालची गर्दी एकेक करून सोडवत बसू नका, तो फिंगरप्रिंटचा भाग, माहीत असलेल्या स्पेक्ट्रमशी जुळवून बघायचा.

प्रश्न : ॲसिटोन आणि प्रोपॅनाल, दोघांचं वजन ५८. मग मास स्पेक (रेणूचे आणि त्याच्या तुकड्यांचे वजन दाखवणारं तंत्र) काय कामाचं?

अहो, खरी मजा इथेच आहे! फॉर्म्युलासुद्धा एकच, पण इलेक्ट्रॉनचा मारा बसला की दोघं वेगवेगळ्या ठिकाणी तुटतात. ॲसिटोनमधून मिथाइल म्हणजे १५ निघून जातो, ४३ चा ॲसिटाइल आयन उरतो आणि तोच सगळ्यात उंच दिसतो. प्रोपॅनालमध्ये तो मान २९ ला. म्हणून नुसता शेवटचा, म्हणजे अख्ख्या रेणूचा, पीक बघून थांबू नका, त्यातून तुकड्यांच्या वजनांची वजाबाकी करा. १५ गेले तर मिथाइल, १८ गेले तर बहुतेक पाणी, २८ गेले की मात्र डोकं खाजवायची वेळ, कारण कार्बन मोनॉक्साइडही २८ आणि इथिलीनही २८. हाय रिझोल्यूशन मशीन हाताशी असेल तर सुटका होते, तिथे एक २७.९९४९ आणि दुसरं २८.०३१३.

प्रश्न : टर्ट-ब्युटेनॉलचा ७४ चा पीक दिसतच नाही. सॅम्पल खराब झालं का?

नाही हो, सॅम्पल ठीक आहे. ७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दणक्यात अशा अल्कोहोलचा मूळ आयन (न तुटलेला अख्खा रेणू) सहसा टिकतच नाही, याचा मिथाइल उडतो आणि ५९ वर ठळक पीक येतो. अख्खं वजन हवं असेल तर सौम्य आयनीकरण वापरा, म्हणजे केमिकल आयोनायझेशन, किंवा मोठ्या, ध्रुवीय रेणूंसाठी ईएसआय (इलेक्ट्रोस्प्रे आयनीकरण). मात्र ईएसआयमध्ये वजन अधिक १ येतं, कधी सोडियम चिकटून अधिक २३ येतं, आणि ते २३ विसरून लोक भलताच रेणू शोधत बसतात.

प्रश्न : मास स्पेकच्या शेवटी दोन पीक, वजनात दोनचा फरक, उंची जवळजवळ सारखीच. हे काय?

ब्रोमीन. उंची ३ : १ असती तर क्लोरीन.

प्रश्न : आयआरमध्ये ३४०० ला रुंद पीक, पण रेणूत ओएच नाहीच!

केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात सॅम्पल मिसळून गोळी म्हणजे पेलेट दाबतात) दमट असेल. मी स्वतः एकदा दोन दिवस या भुतामागे धावलोय, अल्कोहोल झालंय असं समजून. पावडर नीट वाळवा, कोऱ्या पेलेटचा स्पेक्ट्रम आधी घ्या, आणि २३५० च्या आसपास जोडपीक दिसला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड, बॅकग्राउंड (सॅम्पलशिवायचा स्पेक्ट्रम) परत घेतलं की जातो.