वर्षानुवर्षं विश्वासापासून दूर राहिलेला माणूस ख्रिस्ती मंडळीत परत येतोय. त्याला कसं सामावून घ्यावं?

तुमच्या मंडळीतला एक तरुण सहा-सात वर्षांनी येत्या रविवारी उपासनेला येणार आहे. त्याच्याशी कसं वागावं, आणि ‘आधी पश्चात्ताप दिसू दे, मग बघू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय उत्तर द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी रविवारचं बघू. दारात त्याला भेटायला एकच माणूस असू द्या, शक्यतो त्याच्या जुन्या ओळखीचा. दहा जणांनी घेरलं की स्वागताची चौकशी होते. ‘आलास, बरं वाटलं’ एवढं बोलणं पुरे. ‘इतकी वर्षं कुठे होतास?’, ‘आईने किती प्रार्थना केली तुझ्यासाठी’, ‘आता टिकून राहा हं’ ही तीन वाक्यं प्रेमानेच बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला ती हिशेब मागितल्यासारखी लागतात. व्यासपीठावरून त्याचं नाव घेऊ नका, साक्ष द्यायला उभं करू नका. मागे, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसायचं असेल तर बसू द्या. जाता येईल अशी खात्री असली की माणूस थांबतो. संध्याकाळी दोन ओळींचा निरोप पाठवा आणि त्यात पुढच्या रविवारची आठवण करून देऊ नका.

मग आठवड्याभरात मंडळीच्या आवाराबाहेर तासभर भेटा आणि ऐका. इथे घाई केली की सगळं बिघडतं, कारण लोक दूर जातात त्याची कारणं अगदी वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. शंकांमुळे गेला असेल तर त्याला पापाची कबुली मागणं निरर्थक आहे. यहूदाच्या पत्रात (वचन 22) संशयात असलेल्यांवर दया करा असंच सांगितलंय. त्याच्या प्रश्नांना वेळ द्या, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. एखाद्या कृत्याची लाज वाटून गेला असेल, तर ती गोष्ट एकाच विश्वासू माणसापाशी राहिली पाहिजे. ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून ती प्रार्थनागटात फिरली की तो दुसऱ्यांदा येत नाही. नुसताच हळूहळू दुरावला असेल तर फार खोदू नका, सोबत द्या. आणि मंडळीतल्याच कोणी दुखावल्यामुळे गेला असेल, तर क्षमा त्याने मागायची नसून मंडळीने मागायची आहे, नेमकं काय चुकलं ते शब्दांत सांगून. ज्याने इजा केली तो अजून तिथेच असेल तर दोघांना ‘समेटासाठी’ समोरासमोर बसवू नका. उलट परतणाऱ्यानेच कोणाला इजा केली असेल, तर त्या व्यक्तीची सुरक्षितता आधी. अशा वेळी त्याला पाळकांनी वेगळं भेटत राहावं.

आता वडीलधाऱ्यांचं. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला (लूक 15) उधळ्या पुत्र, म्हणजे बापाची संपत्ती उधळून परतणारा मुलगा, घरी निघताना तीन गोष्टी मनाशी घोकतो: मी पाप केलं, तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. बापासमोर तो पहिल्या दोनच बोलतो. तिसरी यायच्या आत बाप झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. त्याआधीच, मुलगा दूर असताना, तो धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलेला आहे. म्हणजे पश्चात्ताप आहेच, पण तो मिठीची अट नाही. योहान 21 मध्येही हाच क्रम आहे: येशूला तीनदा नाकारलेल्या पेत्र या शिष्याला कोळशांच्या विस्तवाशेजारी आधी न्याहारी मिळते, मग ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ हा प्रश्न येतो.

मंडळीने हा वाद पूर्वीही अनुभवलाय. 250 साली रोमी सम्राट डेसियसने देवतांना बळी अर्पण करायची सक्ती केली. छळाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, काहींनी दिल्याची प्रमाणपत्रं मिळवली. छळ ओसरल्यावर ते परत आले. रोममधला धर्मगुरू नोवाशियन म्हणाला, अशांना मंडळीत जागा नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन सरसकट दार उघडायलाही तयार नव्हता आणि बंद करायलाही. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं तपासावं, ही वाट त्याने धरली. पुढे 325 मध्ये निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेने छळाच्या काळात विश्वास सोडलेल्यांसाठी प्रायश्चित्ताची लांबलचक वर्षं ठरवली, तरी मरणोन्मुख माणसाने मागितलं तर शेवटचं प्रभुभोजन नाकारू नये, असंही ठरवलं. इतक्या कडक काळातही दार पूर्ण बंद नव्हतं, हे तुमच्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा.

गलतीकरांस पत्र 6:1 त्यांच्यासमोर नक्की ठेवा. चुकलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा म्हटलं की आपल्या मनात कान पिळणं येतं. मूळ ग्रीक क्रियापद मात्र मार्क 1:19 मध्ये याकोब आणि योहान जाळी नीट करतात तिथलंच आहे. फाटलेलं जाळं झोडपून शिवलं जात नाही.

विधींबद्दल थोडक्यात. बाप्तिस्मा झालेला असेल तर कॅथोलिक मंडळी तो पुन्हा देत नाही. इतर मंडळ्यांत पाळकांना विचारा. कॅथोलिक असेल तर ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी पापनिवेदन हवं. खूप वर्षं झाली एवढं सुरुवातीला सांगितलं की धर्मगुरू पुढचं विचारत नेतात, सगळं पाठ असावं लागत नाही. चर्चबाहेर लग्न झालं असेल तर त्याबद्दल धर्मगुरूंशी आधीच बोलून घ्यावं. ख्रिस्तशरीर घ्यायच्या रांगेत उभं राहिल्यावर अडचण कळणं फार क्लेशदायक असतं. मिस्साला, म्हणजे कॅथोलिक उपासनेला, येऊन बसायला मात्र यातलं काहीही आड येत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते तिसऱ्या रविवारनंतर. सुरुवातीचा उत्साह ओसरतो, सगळे आपापल्या ओळखीच्यांत रमतात आणि परतलेला माणूस भिंतीशी एकटा उभा राहतो. म्हणून आजच दोन जण ठरवा, ज्यांनी निदान सहा महिने त्याची चौकशी करायची. त्याला लगेच गायनवृंदात किंवा शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबलवर्गात) जुंपू नका. तो स्वतःहून ‘झाडलोट करतो’ म्हणेल, तेव्हा त्यातला मोलकऱ्याचा सूर ओळखा. बापाने त्याला आधी जेवायला बसवलं होतं. थकलेली वर्गणी तर काढूच नका.

कायम टिकून राहिलेल्यांकडेही लक्ष द्या. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहिला तेव्हा बाप त्याच्यासाठीही बाहेर आला. त्यांची इतक्या वर्षांची सेवा आठवून तसं बोलून दाखवा. त्यांच्या रागामागे बहुधा कोणी दखल न घेतल्याचं दुःख असतं.

आणि तो पुन्हा गेला तर? संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीतल्या 29 व्या प्रकरणात मठ सोडून गेलेल्या बंधूला तीनदापर्यंत परत घ्यावं असं लिहिलंय. 27 व्या प्रकरणात मठाधिपतीला सांगितलंय की चुकलेल्या बंधूकडे शहाण्या, वयस्कर बंधूंना गुपचूप पाठव, म्हणजे दुःखाने तो पार खचून जाणार नाही. तुम्ही ठरवलेले ते दोघे हेच काम करतील: पंधरा दिवसांनी एक फोन, उपासनेचा विषय न काढता.