1910 च्या सुमाराच्या नाटकासाठी बायकांच्या हॅट आणि पॅरासोल (उन्हासाठीच्या शोभिवंत छत्र्या) कशा बनवायच्या?

तुमचं नाटक 1910 च्या इंग्लंडमधलं, स्त्रीपात्रं चार, शिलाई मशीन आहे पण हॅट कधी केलेली नाही, असं धरून चालू. मग सुरुवात विगपासून करा. त्या काळी केस फुगवून वर घेत आणि हॅट डोक्यावर नाही, त्या केसांवर टेकत असे. उघड्या डोक्याचा घेर 57 सेंमी असला तरी विगसकट, हॅट जिथे बसणार तिथे, तो सहज 62 भरतो. विग तयार होण्याआधी घेतलेलं माप फुकट जातं.

62 सेंमी घेरासाठी साधारण 21 × 18.5 सेंमीचा लंबगोल काढा. गोल काढलात तर हॅट कपाळावर आणि मागे दाबते आणि कानांच्या बाजूला सैल राहते. कड पुढे 12, मागे 10, बाजूंना 11 सेंमी. कागदावर आखून आधी पुठ्ठ्याची नमुना हॅट करा आणि तीच तालमीत वापरायला द्या. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की कडा कुठे आपटतात, मिठी मारताना मान किती वळवावी लागते, हे तिथेच कळतं.

कडेसाठी जाड बकरमचे (खळ देऊन ताठ केलेल्या जाळीदार कापडाचे) दोन थर घ्या. दुसऱ्याचा उभा धागा पहिल्याशी 45 अंशांत ठेवा, नाहीतर कड एका दिशेला ताठ राहते आणि दुसऱ्या दिशेला लोंबते. आतला लंबगोल मापापेक्षा 1.5 सेंमी आत कापायचा आणि दर 1.5 सेंमीवर मापाच्या रेघेपर्यंत चिरा द्यायच्या. चिरांमधले तुकडे वर वळवून त्यांवर उभी पट्टी (10 सेंमी उंच, 62 अधिक 2 सेंमी लांब) टाचायची. त्या पट्टीवर टोपणाचा (वरच्या झाकणाचा) लंबगोल.

खरी मेख तारेत आहे. वरच्या मापांनी कडेचा बाहेरचा परीघ साधारण 131 सेंमी येतो. 5 सेंमी एकावर एक धरून 136 सेंमी तार लागेल. सूत गुंडाळलेली हॅटची तार मिळाली तर उत्तम, नाहीतर 1 मिमीची गॅल्व्हनाइज्ड तार कापडी पट्टी गुंडाळून वापरा. साधी लोखंडी तार घामाने गंजते आणि डाग कापडावर उमटतो. तार वेटोळ्यातून सुटते तेव्हा तिला मूळचा बाक असतो. तो बोटांनी ओढून कडेच्या गोलाईइतका मोकळा करा, मगच काजटाक्याने शिवा. शिवताना तार ओढली गेली तर कड वाटीसारखी वळते, सैल राहिली तर तिला लाटा येतात. दोन्ही दोष पुढे कापडाने झाकले जात नाहीत, उलट उठून दिसतात. जोड पाठीमागे घ्या, टोकांना पट्टी गुंडाळा.

सांगाड्यावर आधी पातळ फ्लॅनेल चिकटवा. तो नसेल तर सॅटिनमधून बकरमची जाळी दिव्याखाली मोजता येते. गोंद अगदी हलका, जास्त झाला की कापडावर फुटतो. वरचं कापड उरेब (धाग्याला तिरकं) कापून ताणत बसवा, 1 सेंमी तारेवरून आत वळवा. खालचं अस्तर हातशिलाईने आंधळ्या (बाहेरून न दिसणाऱ्या) टाक्यात. हे अस्तर फिक्या रंगाचंच असू द्या. दिवे वरून येतात आणि 12 सेंमीच्या कडेची सावली थेट डोळ्यांवर पडते. गडद मखमल खालीही लावली तर अभिनेत्रीचा चेहरा गेलाच समजा. पुढची कड किंचित वर उचलणं इतिहासाच्या दृष्टीनेही चालतं.

बकरममधली खळ घामाने आणि वाफेने सुटते. म्हणून आतून ग्रोसग्रेनची (आडव्या रेघांच्या जाड फितीची) पट्टी हवीच, आणि वाफेची इस्त्री हॅटच्या जवळही नको. फुलं, पिसं दोऱ्यानेच टाचा. ग्लू गनचा गोंद दिव्यांच्या उष्णतेत मऊ पडतो, आणि सजावट बदलायची झाली तर कापडही फाटतं. सगळी पिसं एका बाजूला लावलीत तर हॅट तिकडेच घसरत राहील; थोडं वजन दुसऱ्या बाजूला द्या. डोक्यावर टिकण्यासाठी आत पुढे-मागे एकेक छोटा कंगवा आणि मानेमागे विगखालून जाणारं बारीक इलॅस्टिक पुरे. लांब हॅटपिना दिसायला सुंदर, पण उघडं टोक शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीला येतं. टोपण लावल्याशिवाय वापरू नका.

पॅरासोलसाठी आठ काड्यांची, हाताने उघडणारी सरळ छत्री घ्या. बटणवाली नको, ती भलत्या क्षणी उघडते. कापड काढा, एक कळी (दोन काड्यांमधला कापडाचा तुकडा) उसवा, न ताणता हलकी दाबून सपाट करा आणि कागदावर उतरवा. ही कळी साधा त्रिकोण नसते, तिच्या बाजूंना हलकी गोलाई असते. ती सरळ कापली की छत्री कुठे फुगते, कुठे चिमटते. उभा धागा कळीच्या मधोमध. खालची किनार आधी दुमडून शिवा, मग कळ्या टोकाकडून किनारीकडे जोडा. शिवण दोन्ही बाजूंना 2 मिमी जास्त आत गेली तर एका कळीत 4 मिमी, आठांत 32 मिमी कमी! मग काड्या वाकतात किंवा छत्री पूर्ण उघडतच नाही. कापड जास्त झालं तर झोळ पडतो. म्हणून पहिला संच स्वस्त कापडाचा करून बघा. शिफॉन ताणतं, तेव्हा किनारीला कळीमागे 3 मिमी कमी धरा.

सांगाड्यावर चढवताना टोकं समोरासमोर टाचा: 1, 5, 3, 7, मग उरलेली. काडीचा मधला सांधा आणि छत्रीचं कापड यांच्यामध्ये कापडाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर तिथेच पहिलं भोक पडेल. उघड्या छत्रीचा व्यास 85 सेंमी असेल तर किनार साधारण 260 सेंमी. दुप्पट चुण्यांच्या झालरीला 520 सेंमी लेस. झालर सांगाड्यावर चढवल्यानंतर हाताने, सैल टाक्याने लावा. मशीनची घट्ट टीप किनारीचा ताण मारते.

दांड्याला लाकडी मूठ जोडून एकूण लांबी 95 सेंमीच्या आसपास न्या. रंग काड्यांना द्या, चकाकी जाईल. पण सरकती कडी जिथून धावते तो दांडा रंगवू नका. रंगाचा एक थरही तिला अडकवायला पुरतो, आणि ती बहुतेक प्रयोगातच अडकते.