वाचकांचे प्रश्न : गाडी विकताना पैसे कसे घ्यावेत?

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की जुन्या गाड्यांच्या सौद्यांविषयीची पत्रे या सदराकडे वाढू लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ सर्वांत काळजीचा विषय एकच आहे, तो म्हणजे पैसे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. माझी २०१६ ची गाडी ४ लाख १० हजारांना ठरली आहे. घेणारे गृहस्थ रावेरकडचे केळीचे व्यापारी असून त्यांना आखाजीच्या आत गाडी दारात हवी आहे. एक लाख मोबाईलवरून आणि उरलेले रोख देतो, नाहीतर सगळ्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट आणतो, असे ते म्हणतात. मी काय स्वीकारावे?

उत्तर : गुरुजी, दोन्हींपैकी काहीच स्वीकारू नये, आणि तसे त्यांना गोडीने पण स्पष्ट सांगावे. केळीच्या आणि कापसाच्या व्यवहारात रोख रकमेची सवय असते, त्यामुळे या गृहस्थांच्या मनात काही वाकडे आहे असे मी म्हणत नाही. परंतु एकाच व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केलेली आहे, आणि या नियमाचा दंड देणाऱ्याला नव्हे, तर घेणाऱ्याला होतो. तो दंडही स्वीकारलेल्या रकमेएवढा असू शकतो. आज दीड लाख, परवा एक लाख साठ हजार असे दोन हप्ते केले, तरी सौदा एकच असल्यामुळे त्यातून सुटका होत नाही. विसारापोटी दहा-वीस हजार रोख घ्यायचे असतील तर ते आपल्या बँकेच्या खिडकीजवळच घ्यावेत आणि तेथेच मोजून भरावेत, कारण त्यात खोटी नोट निघाली तर बँक ती जप्त करते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. दोन हजारांची नोट तर घेऊच नये. ती ७ ऑक्टोबर २०२३ नंतर बँकांच्या शाखांत स्वीकारली जात नाही.

डिमांड ड्राफ्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ड्राफ्ट म्हणजे रोखीसारखाच, अशी समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. मी बँकेच्या काउंटरवर अनेक वर्षे काढली. एका शुक्रवारी, कामकाज संपता संपता, एक शेतकरी साडेतीन लाखांचा ड्राफ्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी न पडू देता घेऊन आले होते. गाडी आधीच देऊन झाली होती. ड्राफ्ट हातात घेताच कागद मला किंचित जाड वाटला, खालचे आकडे कडेला पसरल्यासारखे दिसत होते, आणि अतिनील दिव्याखाली धरला तेव्हा जे चिन्ह चमकायला हवे ते चमकले नाही. ज्या शाखेचा तो म्हणवत होता, त्या शाखेने त्या क्रमांकाचा ड्राफ्ट दिलेलाच नव्हता. पुढचे दोन दिवस बँका बंद होत्या, आणि शुक्रवारची सायंकाळ निवडण्यामागचे कारण तेवढेच होते. ते गृहस्थ काउंटरपलीकडे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलो आहे की, ड्राफ्टच घ्यायचा असेल तर खरेदीदाराबरोबर त्याच्या शाखेत जावे, तो आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्यावा आणि खात्यात जमा झाल्यावरच गाडी द्यावी. ड्राफ्टवर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण जो ड्राफ्ट बनावट करतो तो क्रमांकही स्वतःचाच छापतो.

धनादेशाचेही तसेच आहे. तो भरल्यानंतर कधी कधी खात्यात रक्कम दिसू लागते, परंतु वटेपर्यंत ती उचलता येत नाही, आणि न वटल्यास ती नोंद उलटते. न वटलेल्या धनादेशासाठी कायदा आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्यानंतर समोरच्याला १५ दिवसांची मुदत असते, आणि मग न्यायालय. तोवर आपली गाडी कोणत्या रस्त्याने धावत असेल, हे सांगता येत नाही.

आपल्यासाठी योग्य मार्ग आरटीजीएसचा, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट रक्कम पाठवण्याचा आहे. ही सेवा २ लाख आणि त्यापुढील रकमांसाठी असून एकदा रक्कम जमा झाली की पाठवणाऱ्याला ती आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. १४ डिसेंबर २०२० पासून ती चोवीस तास चालते, मात्र शाखेत जाऊन फॉर्म भरायचा असेल तर शाखेची वेळ पाळावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शाखेत फार तर साडेचोवीस रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढाच खर्च येतो. सकाळी अकराच्या सुमारास दोघांनी त्यांच्या शाखेत बसावे, त्यांनी आधी शंभर रुपये आपल्या खात्यावर पाठवून खाते क्रमांक बरोबर असल्याची खात्री करावी, आणि मग पूर्ण रक्कम पाठवावी. ती आली की नाही हे त्यांच्या मोबाईलवर पाहू नये. आपल्या पासबुकात किंवा आपल्या बँकेच्या ॲपमध्ये, आपल्या हाताने उघडून पाहावे. किल्ली त्यानंतर द्यावी, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्यासाठी आरटीओला द्यायच्या फॉर्म २९ व ३० वरच्या सह्याही त्यानंतरच कराव्यात.

प्रश्न : मी भुसावळची आहे. गाडीची जाहिरात इंटरनेटवर दिल्यावर एका सैनिकाचा फोन आला. बदली झाल्यामुळे गाडी न पाहताच घेतो, असे तो म्हणाला. ओळखपत्राचा फोटो आणि एक क्यूआर कोड पाठवून, तो स्कॅन केला की विसाराची रक्कम जमा होईल, असे त्याने सांगितले. मी अजून काही केलेले नाही.

उत्तर : ताई, केले नाही हे फार चांगले झाले. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. सैनिकांविषयी आपल्या घराघरांत आदर आहे, आणि हे लोक नेमका त्याच आदराचा वापर करतात. याच टोळ्यांची दुसरी युक्ती म्हणजे ‘तुमच्या खात्यात चुकून जास्त पैसे आले, फरक परत करा’ असे सांगून बँकेसारखा दिसणारा खोटा संदेश पाठवणे. तो संदेश वाचून नव्हे, तर खात्यातील शिल्लक पाहूनच उत्तर द्यावे. कोणाकडून चुकून पैसे गेले असतील तर त्यांनी ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पोहोचण्याआधी थांबण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : नंदुरबारहून लिहितो. सुरतेच्या एका माणसाने फोनवर भाव कबूल केला आणि म्हणाला, ‘गाडी पाहायला माझे मेहुणे येतील, त्यांच्याजवळ किमतीचा विषय काढू नका, आमच्यात जुना हिशेब आहे.’ मेहुणे आले, गाडी त्यांना आवडली. आता पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यातून येतील, असे तो सांगतो. यात काही गैर आहे का?

उत्तर : गैर आहे, आणि आपण विचारले म्हणून वेळीच लक्षात आले. हा फोनवरचा माणूस बहुधा दोन्हीकडे खोटे बोलत असतो. त्याने आपलीच जाहिरात उचलून कमी किमतीत दुसरीकडे टाकलेली असते, आणि गाडी पाहायला आलेला माणूस त्याचा मेहुणा नसून खरा खरेदीदार असतो, ज्याला ‘मालक माझे नातेवाईक आहेत, पैसे या खात्यात भरा’ असे सांगितलेले असते. पैसे मधल्याच्या खात्यात जातात, खरेदीदार आपल्या दारात गाडीची किल्ली मागत उभा राहतो, आणि दोघेही फसलेले असतात. म्हणून जो गाडी पाहायला येईल त्यालाच तोंडावर विचारावे की, तुम्ही गाडी किती रुपयांना घेत आहात, आणि पैसे कोणाच्या खात्यात भरणार आहात. किमतीविषयी गप्प राहण्याची अट जो घालतो, त्याच्याशी सौदा तेथेच थांबवावा.

परक्या खात्यातून पैसे घेण्यात आणखी एक धोका आहे. ती रक्कम दुसऱ्या कुणाला फसवून मिळवलेली असेल, तर त्या माणसाच्या तक्रारीवरून आपले खाते किंवा त्यातील तेवढी रक्कम गोठवली जाऊ शकते. आपण निर्दोष असलो तरी ते मोकळे करून घेण्यासाठी पोलिसांकडे आणि बँकेत खेपा घालाव्या लागतात. फॉर्म ३० वर ज्याचे नाव आहे, त्याच्याच खात्यातून पैसे घ्यावेत. आणि खरेदीदार खरोखर सुरतचा असेल, तर गाडी गुजरातेत नोंदवण्यासाठी आपल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८ लागेल. पैसे येण्यापूर्वी तो फॉर्म सही करून देऊ नये, आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर येणारा ओटीपी तर कोणालाही सांगू नये.

प्रश्न : धुळ्याहून. गाडी ५ लाख २५ हजारांना ठरली, पण तिच्यावर बँकेचे १ लाख ६० हजार कर्ज बाकी आहे. खरेदीदार म्हणतो, आधी कर्ज फेडा, मग पैसे देतो.

उत्तर : त्यांची शंका रास्त आहे, कारण बोजा असलेली गाडी त्यांच्या नावावर होणार नाही. दोघांनी कर्ज देणाऱ्या बँकेत एकत्र जावे आणि त्या तारखेची नेमकी बाकी लेखी घ्यावी. खरेदीदाराने १ लाख ६० हजार थेट आपल्या कर्जखात्यात भरावेत व पावती स्वतःजवळ ठेवावी. त्यानंतर बँकेकडून ना हरकत पत्र आणि आरटीओच्या नोंदीतला बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळण्यास काही दिवस लागतात, तोवर गाडी आपल्याकडेच राहू द्यावी. कागद हाती आले की उरलेले ३ लाख ६५ हजार आरटीजीएसने घ्यावेत. हा सगळा क्रम एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, तर कोणाच्याच मनात धाकधूक राहत नाही.

प्रश्न : पाचोऱ्याहून. गाडीचे बाकी सगळे पैसे मिळाले, पण ‘गाडी नावावर झाल्यावर देतो’ म्हणून खरेदीदाराने वीस हजार राखून ठेवले आहेत. दोन महिने झाले, तो आरटीओत जातच नाही. मी काय करावे?

उत्तर : वीस हजारांपेक्षा मोठी काळजी येथे वेगळी आहे. आरटीओच्या नोंदीत जोवर आपले नाव आहे, तोवर अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. त्या गाडीचे हातोहात अनेक सौदे झाले होते, तरी जबाबदार धरला गेला तो नोंदीतला मालक. राज्यांतर्गत विक्री झाल्यास १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ ने कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे, आणि ते खरेदीदारावर सोडून चालत नाही. मुदत उलटली असली तरी उद्याच आरटीओत जाऊन तो सादर करावा आणि पोच घ्यावी. गाडी दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा असलेली ताबापावती केली असेल, तर तिची प्रत जोडावी. केली नसेल, तर पैसे जमा झाल्याची नोंद असलेले पासबुकाचे पान जोडावे. खरेदीदारालाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवून ठराविक तारखेपर्यंत नाव लावून घेण्यास व राखून ठेवलेली रक्कम देण्यास कळवावे, आणि त्या पत्राची पोचपावती गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवावी.